चेटकीण बरं करत नाही

काठेपाडा, ता. उरण
१७ नोव्हेंबर २०२४

केतन,

फोनवर ब्लॉक केलंस, पोस्टमनला कसा करशील? तुझ्या पुण्याच्या ऑफिसचा पत्ता आपल्या डावातल्या प्रज्योतकडून काढून घेतला. पत्रं लिहायची सवय आपल्याला लावलीस तूच. दोन डावांच्या मधल्या दिवसांत कुणाला चाल करायची असेल तर ती पत्रानं करायची, आणि पात्राच्या आवाजात, असा तुझा नियम होता. हे पत्र मात्र मी माझ्याच आवाजात लिहितेय. उद्या ते कुणाला दाखवायची वेळ आली तर त्यालाही कळावं म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. तू कंटाळू नकोस.

तुझ्या बहिणीच्या, प्राप्तीच्या सासऱ्यानं, दयारामशेठनं, तिच्या मोबाईलमधून एक व्हिडिओ बाहेर काढलाय. आपल्या खेळाचा, गेल्या डिसेंबरातला, तुमच्या गॅरेजवरच्या खोलीतला. प्रज्योतनं तो प्राप्तीच्याच फोनवर घेतला होता. दिवे घालवलेले, टेबलावर एक मेणबत्ती. मी केस मोकळे सोडून बसलेय आणि म्हणतेय, "प्राप्ती दिनानाथ घरत, तुला नावानं बोलावते. उंबऱ्याबाहेर ये."

पुढचं तुला आठवत असेलच. तुझी बहीण फिस्सकन हसते, तोंडातली भजी सांभाळत म्हणते, "येते गं बाई, आधी प्लेट तर संपू दे," आणि मग आपण सगळेच हसत सुटतो. गावात जो व्हिडिओ फिरतोय त्यात ते हसणं नाही. कापून टाकलंय. माझा आवाज, तिचं नाव आणि अंधार, एवढंच ठेवलंय. मे महिन्यात तिचं लग्न झालं, सप्टेंबरात ती गेली. लोकांनी दोन आणि दोन पाच केले.

खेळ काय होता ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तेही लिहिते. टेबलाभोवती चारजण बसतात. एकजण गोष्ट चालवतो, त्याला आपण मास्तर म्हणायचो, म्हणजे तुला. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राचा क्लास ठरलेला असतो: लढवय्या, चोर, वैद्य, चेटकीण. कुठल्या क्लासला काय येतं आणि काय येत नाही हे नियमात असतं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. बस्स. पत्ते खेळतात तसं. इंग्रजी पुस्तकातली झाडूवाली विच तुला बेचव लागली. आपली चेटकीण आपल्या खाडीची पाहिजे म्हणालास, आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करून माझ्या आत्याकडे येऊन बसलास.

ठमीआत्या धवलारीण. आपल्याकडे लग्न लावायचं तिनं, धवले गाऊन, घरातल्या देवांना आणि गेलेल्या माणसांना नावानिशी मांडवात बोलावून. ती तुला म्हणाली होती, "लगीन नाय न् धवला कसा सांगू रं?" मग तिनंच तोड काढली. पाटावर दोन सुपाऱ्या मांडल्या, एकीला हळद लावली, "यो नवरा, ही नवरी," आणि त्या सुपाऱ्यांच्या लग्नात, गावातल्या सगळ्या घरांच्या गेलेल्या माणसांची नावं घेत, तुझ्यासाठी तासभर गायली. तू चहा प्यायलास, तिच्या पाया पडलास, आणि घरी जाऊन तिच्या नावानिशी बोलावण्याची चेटकिणीची ताकद करून टाकलीस. ज्याचं नाव घेतलं तो उंबऱ्याबाहेर येतो. ते वाक्य तुझं आहे, केतन. तू टाईप करून, कार्डावर छापून माझ्या हातात दिलंस. त्या दिवशीच्या डावात चेटकीण जिला बोलावते ती नवरी मीच होणार, माझ्याच नावानं, म्हणून हट्ट धरला तो प्राप्तीनं.

आवाज माझा आहे, ते मी नाकारत नाही. मी आणि प्रज्योत सांगून थकलो की हा खेळ होता. लोक म्हणतात, तुम्ही तर तसं सांगणारच. तू बोललास तर गोष्ट वेगळी. गेलेल्या पोरीचा सख्खा भाऊ म्हणाला, हे शब्द मी लिहिले, हा खेळ मी चालवत होतो, की दयारामशेठचं तोंड बंद होईल. अख्खा व्हिडिओही आता तुझ्याकडेच आहे. प्राप्तीनं त्याच संध्याकाळी तो तुला पाठवला होता, माझ्यासमोर.

एक दिवस सुट्टी काढ. ये, दोन वाक्यं बोल, जा. मला भेटलाही नाहीस तरी चालेल.

आत्या बरी आहे. तिच्या कानावर यातलं फारसं आलेलं नाही.

जागृती


८ डिसेंबर २०२४

केतन,

पत्र पोचल्याची पावती आली. सही तुझीच, शेवटी तोच तो फराटा. म्हणजे हात शाबूत आहेत.

तुळशीचं लग्न झालं, गावात मांडव पडायला लागले. आत्याला ज्यांनी ज्यांनी सांगून ठेवलं होतं त्या सगळ्यांनी एकेक करून निरोप धाडले. कुणाचा मुलगा म्हणे कोर्टात लग्न करतोय, कुणाकडे भटजी येणार आहेत. कोंडाजीकाकांकडे मात्र कमाल झाली. त्यांना धवले हवे होते, धवलारीण नको होती. तू हौसेनं गावाच्या ग्रुपवर टाकलेलं आत्याचं रेकॉर्डिंग त्यांनी डीजेवाल्याकडून स्पीकरवर लावलं. आत्याचा आवाज सगळ्या आळीत घुमत होता आणि आत्या आमच्या ओट्यावर बसून ऐकत होती.

मला वाटलं ती रडेल. ती कान देऊन नावं तपासत होती. रेकॉर्डिंग संपलं तशी चुकचुकली. "कोंडाजीच्या आयसचं नाव नाय घेतलं. तवा जिती व्हती ना म्हातारी." मग तिथंच, ओट्यावर बसून, तिनं हलक्या आवाजात म्हातारीला त्या मांडवात बोलावलं. मी म्हटलं, आत्या, ज्यांनी तुला दारात उभं केलं नाही त्यांचं एवढं कशाला? तर म्हणाली, "म्हातारी रुसून दारान बसल. तिचा काय गुन्हा?"

तर, तिला सगळं ठाऊक आहे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं की तुला यायला सोपं जावं म्हणून, माझं मलाच नीट सांगता येत नाही.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. प्राप्ती आजारी पडली तेव्हा आत्या तिच्याकडे गेली होती. तुझ्या बहिणीनंच शेजारणीकडून निरोप धाडला होता. सासरी भगत आणून बसवलेला, धूप, अंगारा, कोंबडं, सगळा थाट. प्राप्ती आतल्या खोलीत तापात पडलेली आणि डोळे पिवळेजर्द. आत्या दारातूनच दयारामशेठला म्हणाली, "ये पोरीचे डोले बघ रं. तिला आजचे आज हास्पिटलान ने." तर तो म्हणाला, "तू लगीन लावलंस, झालं तुजं काम. आथा माजं घर नको चालवू." तिला उंबरा ओलांडू दिला नाही. नंतर काय झालं ते तुला माहीत आहे. पनवेलच्या वाटेवर, टेम्पोत.

प्राप्तीला दवाखान्यात न्या असं म्हणणारं एकच माणूस त्या दारात आलं होतं, आणि आज तेच पुराव्यात धरलंय. चेटकीण दारात येऊन उभी राहिली, तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि पोर गेली. दयारामशेठ प्रत्येक ओट्यावर जाऊन हेच सांगतोय. त्याला सांगायलाच हवं. आत्यानं मारलं नाही म्हटलं तर कुणीतरी विचारेल, मग भगताला बसवून ठेवला तो कोणी?

आपलं भांडण आठवतं? मी म्हटलं होतं, माझ्या चेटकिणीला बरं करता आलं पाहिजे, तिला झाडपाला कळतो, बाळंतपणं येतात. मी कार्डावर पेननं तशी ओळ लिहूनही टाकली होती. तू ती खोडलीस. म्हणालास, बरं करणं वैद्याचं काम, क्लासचा तोल जातो, आणि चेटकीण बरं करू लागली तर तिला घाबरणार कोण? प्राप्ती माझ्या बाजूनं भांडली होती. तुला मास्तर नव्हे, म्हसोबा म्हणाली होती.

ये रे. आता विनवते आहे.

जागृती


१९ जानेवारी २०२५

केतन,

तुझ्या खेळात आणखी एक नियम होता. गावात काही वाईट घडलं, गाय मेली, विहीर खारी झाली, की चेटकिणीचा संशय एकानं वाढायचा. संशय जितका वर तितकी तिची ताकद वर. मला तो नियम फार आवडायचा. मी मुद्दाम गावकऱ्यांना घाबरवायची आणि तू फासा टाकून सांगायचास, वाढला.

आता खरा हिशोब ऐक, मास्तर. नळावर आमचा हंडा आला की बाकीच्या बाया आपले हंडे उचलून बाजूला होतात. दुकानदार सामान हातात देत नाही, फळीवर ठेवतो. आळीतल्या रितेशच्या ट्रेलरचा ब्रेक निकामी झाला तो आत्यामुळे. मधल्या आळीतल्या बाईचं पोट पडलं तेही आत्यामुळे. संशय असा वाढतोय, आणि ताकद कुठली, तिच्या हातापायातला जीव तेवढा कमी होतोय. तिनं ओट्यावर बसणं सोडलं, मग गुणगुणणं सोडलं. तुझा नियम खोटा आहे.

मागच्या आठवड्यात दगड आला. ती भांडी घासत होती, मनगटावर बसला. हाड मोडलंय. उजवा हात, ज्यानं ती नवरानवरीच्या डोक्यावर तांदूळ टाकायची तो. मी तिला प्लास्टर घालून आणलं आणि तशीच पोलिसांत गेले. त्यांनी तक्रार घेतली, बोलले नीट. कायदा आहे, कलमं आहेत. माझा फोन त्यांनी तपासासाठी ठेवून घेतलाय, म्हणून हल्ली प्रज्योतलाही पोस्टकार्डं टाकते, तो हसतो. साहेब म्हणाले, बाई, तुमचं खरं आहे, पण मूळ व्हिडिओ आणि मुलीच्या भावाचा जबाब आणा, मग ही केस उभी राहते.

म्हणजे परत तुझ्याच दारात.

माघी गणपतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, नऊ फेब्रुवारीला, देवळात गावकी बसणार आहे. पोलीस गावात यायच्या आधी गावानंच काय ते ठरवायचं म्हणतात. आम्हाला बोलावलंय. तुझ्या बाबांनाही बोलावलंय आणि त्यांनी तुला कळवलंच असेल. त्या दिवशी तरी ये.

काल आत्या म्हणाली, "पोरी, तुमचे खेलान चेटकीन काय करते ते मना वाचून दाखव." तुझं कार्ड काढून मी सगळं वाचलं. ती लहान मुलासारखी मन लावून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "केतननं लिवलंय चांगलं. पन ही बाई एकटीच गं कशी? तिला कोन नाय?" तू लिहिलंच नव्हतंस तिचं कोणी.

आणखी एक, मग थांबते. आत्याला वाटायचं, माझ्या लग्नाचे धवले ती घरतांच्या मांडवात गाणार. तुझ्या आईलाही वाटत असावं. मला तर वाटायचंच. तू आवडायचास मला, अगदी नियमावरून भांडतानाही. झालं, लिहून टाकलं. आता त्याचा उपयोग नाही, पण मी इतकं बोलू शकते तर तूही दोन वाक्यं बोलू शकतोस.

जागृती


१० फेब्रुवारी २०२५

केतन,

आलास.

पांढरा शर्ट, दाढी वाढलेली, तुझ्या बाबांच्या शेजारी खांबाला टेकून उभा. तुला बघितलं तशी आत्याच्या कानात म्हटलं, केतन आलाय, आता काळजी नाही. तिनं मान वर करून तुझ्याकडे बघितलं आणि हसली. बघितलंस ना तू? तू खाली बघत होतास, पण त्याआधी बघितलंस.

देवळाच्या माईकवर त्यांनी व्हिडिओ लावला. प्राप्तीचं नाव तीनदा वाजवलं. तुझी आई बायकांत बसली होती, तिनं पदर तोंडात कोंबला. मग कोंडाजीकाका तुला म्हणाले, आणि सरळ मनानं म्हणाले, "केतन, बाला, तू शिकलेला हायस. तूच सांग. यो खेल व्हता का काय व्हता?"

आणि तू म्हणालास, "मला आठवत नाही."

चोराला कुलूप उघडायला फाशावर किती पडावे लागतात ते तुला झोपेत आठवतं. दोन वर्षांपूर्वीच्या डावात माझ्याकडे किती बाण उरले होते यावरून तू माझ्याशी वाद घातला आहेस. तुझ्या खिशात फोन होता. त्यात प्राप्ती हसत होती. तुला आठवत नाही!

पुढचं तू मान खाली घालून ऐकलंस, म्हणून जे दिसलं नसेल ते सांगते. दयारामशेठ उठला आणि त्यानं माझ्याकडे बोट केलं. "आवाज हिचा हाय. म्हातारीनं हिला शिकवून तयार केलीय. हिलाच इचारा." मागून कुणीतरी माझे केस धरले. कुठली बाई होती ते मला माहीत आहे, तिच्या मुलीला मी गणित शिकवलंय. मान मागे ओढली गेली, मला फक्त देवळाचं छत दिसत होतं, आणि मला वाटलं आता आपलं काही खरं नाही. मी तुला हाक मारली. तेही आठवत नसेल.

तेवढ्यात आत्या उभी राहिली. प्लास्टरचा हात गळ्यात, दुसरा हात वर. तिचा लग्नातला आवाज आठव, चार आळ्यांपलीकडे जायचा तो. महिनाभर तो घरात ऐकू आला नव्हता. त्या आवाजात ती म्हणाली, "सोरा तिला. पोरीला काय येतंय? मीच केलं. मीच बोल्ले तसं ती बोल्ली, तिला ठाव पन नाय कशाला बोलते ती. मीच हाय."

केस सुटले नाहीत.

"आन् आथा तिचे केसाला जिचा हात हाय," आत्या म्हणाली, "तिचं नाव घेव का मी?"

केस सुटले, केतन. झटक्यात सुटले. माझ्या आजूबाजूची सगळी माणसं मागे सरली, पार खांबापर्यंत. तूसुद्धा एक पाऊल मागे गेलास. तू, ज्यानं ते वाक्य लिहिलं!

मग ठरलं ते ठरलं. तिनं गावात राहायचं नाही, बंद पडलेल्या मिठागरावरच्या खोपीत राहायचं. मला कुणी काही करायचं नाही. एवढा सौदा तिनं एका वाक्यात केला.

घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडले. का कबूल केलंस, आता माझी तक्रारसुद्धा गेली, आज सकाळी साहेबही तेच म्हणाले, की बाईच म्हणतेय मी केलं, तर आम्ही काय करायचं? ती भाकरी थापत होती, एका हातानं, वाकडीतिकडी. म्हणाली, "तूच वाचून दाखवलंस ना? चेटकीन काय करते? लोकांना घाबरवते. मी तेवरंच केलं." मी म्हटलं, उद्या परत जाऊन खरं सांग. ती म्हणाली, "मंग परत तुजे केस धरतील."

यापुढे तुला लिहिणार नाही.

जागृती


१३ एप्रिल २०२५

केतन,

लिहिणार नव्हते. पण तुझ्याकडे एक वस्तू आहे आणि ती कुणाला तरी हवी आहे, म्हणून लिहितेय.

मी यार्डातली नोकरी अजून करते. कंटेनरच्या नोंदी घ्यायच्या, संध्याकाळी मिठागरावर जायचं. खोपीला दार नाही, गोणपाट लावलंय. वीज नाही. बांधापलीकडे हायवे, ट्रेलर सारखे धडधडत असतात. आत्याचा हात वाकडाच जुळला. ती बारीक झालीय, खोकते. दवाखान्यात नेते म्हटलं की तिथली पोरं घाबरतील म्हणते. थट्टेनं म्हणते की खरं, ते आता मला ओळखू येत नाही.

मी लिहिलं होतं की तुझा नियम खोटा आहे. तो खोटा नव्हता. गावकीनंतर आठ-पंधरा दिवसांत लोक यायला लागले, बांधाच्या मागच्या बाजूनं, तोंडावर रुमाल बांधून. बाटली, कोंबडं, कागदात गुंडाळलेले कुणाचे तरी केस. कुणाला भावाला आजारी पाडायचंय, कुणाला सुनेचा गर्भ नकोय. ज्यांनी हंडे उचलले त्याच बाया. ज्या बाईनं माझे केस धरले होते ती पण आली, जावेचं नाव घे म्हणायला. आत्या सगळ्यांना पाणी देते आणि परत पाठवते. ते जाताना तिच्या पायाच पडतात. इतकी ताकद तिला धवलारीण असताना कधी नव्हती.

मागच्या रविवारी भर दुपारी तुझी आई आली.

उन्हात सगळी मिठागरं पांढरी दिसत होती, माणूस ना चिटपाखरू. नलूकाकी छत्री पुढे धरून बांधावरून आली. मला बघून दचकली, मग आत येऊन खालीच बसली. पदराच्या गाठीतून तिनं प्राप्तीच्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि आत्यापुढे ठेवल्या. म्हणाली, "ठमे, तू नाव घेतलंस का येतान ना सगली? माजे पोरीला एकदा बोलाव. येकदाच. मना तिचा आवाज आठवत नाय गं आथा. तोंड आठवतंय, आवाज नाय."

मला ओरडून सांगायचं होतं की काकी, ही चेटकीण नाही, तुमच्या पोराला विचारा. आत्यानं डोळ्यांनीच मला अडवलं. ती उठली. पाट नव्हता, म्हणून पत्र्याचा डबा उपडा घातला. दोन सुपाऱ्या ठेवल्या, एकीला हळद लावली. आणि गायला लागली. प्राप्तीच्या लग्नात गायली होती तोच धवला, तीच घरतांच्या घराण्याची नावं, तुझा आजा, तुझी आजी, बुडून गेलेला तुझा काका, एकही न चुकता. मधे मधे खोकला यायचा, ती थांबायची, परत पकडायची. सगळ्यांच्या शेवटी तिनं नवीन नाव जोडलं. "प्राप्ती, तू ये गो बाय."

नलूकाकी गोणपाटाकडे बघत बसली होती. वाऱ्यानं ते हललं की उठायला जायची. शेवटी तिनं विचारलं, "आयली का?"

आत्या म्हणाली, "आयली असल, नलू. मना दिसत नाय. मना फक्त बोलावता येतं."

तेव्हा तुझी आई रडली. बाराव्याला रडली होती त्याहून जास्त. आत्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, वाकड्या हातानं थोपटत राहिली, मग मला पेज गरम करायला सांगितली. काकीनं वाडगाभर पेज संपवली. म्हणाली, कैक दिवसांत अन्न गोड लागलं नव्हतं. तू खोडलेली ती ओळ मला आठवली.

निघताना तिनं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, आपणहून सांगितलं. "तिनं केतनला फोन केलता. दादा, मना इथून ने, बोल्ली. तो बोल्ला रविवारी येतंव. रविवार काय उगवला नाय तिचा. तवापास्नं पोरगा माझ्याशी पन बोलत नाय."

मी इतके महिने विचार करत होते की तू दयारामशेठला घाबरलास, बाबांना घाबरलास, गावाला घाबरलास. आता कळलं. आत्या चेटकीण नसेल तर प्राप्ती काविळीनं गेली. काविळीनं गेली तर ती वाचली असती. आणि ती वाचली असती हे तुला रोज सकाळी उठून सहन करावं लागलं असतं. त्यापेक्षा चेटकीण बरी. तुला ती लागत होती, म्हणून तू आठवत नाही म्हणालास. माझा राग गेलेला नाही, केतन. पण तो आता तुझ्यावर नीट ठरत नाही, आणि याचाही मला राग येतो.

अख्ख्या व्हिडिओत प्राप्ती हसते, बोलते, "येते गं बाई" म्हणते. तिच्या फोनमधलं दयारामशेठनं पुसून टाकलंय, पोलिसांनी विचारलं तेव्हा कळलं. जगात आता ते एकाच ठिकाणी आहे, तुझ्या खिशात. तुझ्या आईला मी हे सांगितलेलं नाही. ते सांगणं तुझ्यासाठी ठेवलंय. आत्याला तिला आणता आलं नाही. तुला येईल. आणि ज्या दिवशी तू तो आवाज आईला ऐकवशील त्या दिवशी तो देवळातही ऐकवशील, कारण अर्धा ऐकवताच येत नाही.

आत्याचा खोकला काही बरा नाही. लवकर कर.

दोन डावांच्या मधली चाल पत्रानं करायची आणि पात्राच्या आवाजात करायची, हा तुझाच नियम. आजवर मी तो मोडत आले. आज पाळते.

केतन दिनानाथ घरत, तुला नावानं बोलावते. उंबऱ्याबाहेर ये.